युगांडातल्या ग्रामीण रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या इंजिनीअर आणि डिझायनरांचे नेहमीचे प्रश्न

वीज, पाणी, ऑक्सिजन, इमारत आणि बंद पडलेली यंत्रं यांबद्दल वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः युगांडातली आहेत. शेजारच्या देशांत फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. तिथे डॉक्टर कमी आहेत. मग इंजिनीअरने जाऊन काय करायचं?

डॉक्टर आणि नर्स असूनही काम अडतं, त्याची कारणं बऱ्याचदा इंजिनीअरच्या हातातली असतात. शस्त्रक्रियागृहातला दिवा लागत नाही, प्रसूतिकक्षात नळाला पाणी नाही, कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) कोपऱ्यात धूळ खात पडलेला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १६ देशांतल्या १ लाख १२ हजारांहून अधिक वैद्यकीय उपकरणांची नोंद तपासली गेली. त्यांतली सुमारे ३८ टक्के बंद होती. त्याआधीच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की दुरुस्तीला आलेल्या उपकरणांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्राथमिक कौशल्यांवर आणि गावात मिळणाऱ्या सामानावर पुन्हा चालू होऊ शकतात. फ्यूज, प्लग, तुटलेली वायर, मेलेली बॅटरी, चोंदलेला फिल्टर असे हे बिघाड असतात.

युगांडात सरकारी आरोग्यसेवेची उतरंड आहे: हेल्थ सेंटर दोन, तीन, चार आणि त्यावर जनरल हॉस्पिटल. शस्त्रक्रियागृह हेल्थ सेंटर चारपासून अपेक्षित असतं. स्वयंसेवकांचा सर्वाधिक उपयोग याच दोन वरच्या पायऱ्यांवर आणि मिशन रुग्णालयांत होतो.

२. मी सिव्हिलचा आहे (किंवा आर्किटेक्ट, किंवा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन). बायोमेडिकल शिकलेलो नाही. चालेल का?

चालेल. प्लंबिंग, गवंडीकाम, वायरिंग आणि वेल्डिंग येणाऱ्या माणसाची गरज बायोमेडिकल पदवीधराइतकीच असते. चांगल्या हाताच्या इलेक्ट्रिशियनने दोन आठवड्यांत केलेलं अर्थिंग रुग्णालयाच्या वर्षानुवर्षं कामी येतं. एकच अट: भूल देण्याचं यंत्र, डिफिब्रिलेटर, एक्स-रे आणि व्हेंटिलेटर यांना त्यांचं प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये.

३. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं?

काहीही बसवू नका. रुग्णालयाच्या तंत्रज्ञाबरोबर (त्याला तिथे बहुतेक ‘मेंटेनन्स’ म्हणूनच हाक मारतात) आणि वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टरबरोबर फिरा.

प्रत्येक यंत्राची नोंद करा: नाव, मॉडेल, अनुक्रमांक, ठेवलेली जागा, चालू की बंद, आणि बंद असल्यास लक्षण काय. कागदावरच करा, कारण तुमचा लॅपटॉप तुमच्याबरोबर परत जाणार आहे. मल्टिमीटरने शस्त्रक्रियागृहातल्या सॉकेटचा व्होल्टेज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सात वाजता मोजा. गावातले दिवे लागतात त्या वेळी २४० व्होल्टचा आकडा १८० च्या खाली येत असेल, तर अनेक ‘बिघडलेल्या’ यंत्रांचं कारण तिथेच सापडतं. नळ मोजा, त्यांतले वाहते किती ते लिहा. टाकीचं झाकण उघडून आत पाहा. रात्रपाळीत एकदा तरी थांबा. दिवसा आलेला पाहुणा आणि रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून सलाईन लावणारी नर्स यांना दोन वेगळी रुग्णालयं दिसतात.

आठवड्याच्या शेवटी यादी मेडिकल सुपरिंटेंडंटसमोर ठेवा आणि क्रम त्यांना लावू द्या.

४. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू आहे, आवाज येतो, पण बाळाची ऑक्सिजन पातळी वाढत नाही. काय तपासू?

प्रश्न तातडीचा असेल तर आधी रुग्णाला सिलिंडरवर किंवा दुसऱ्या यंत्रावर घ्यायला सांगा, मग यंत्र बाजूला नेऊन या क्रमाने तपासा.

नळी: नाकाच्या नळीचं टोक पेलाभर पाण्यात बुडवा. बुडबुडे येत नसतील तर गळती आहे, आणि ती सर्वाधिक वेळा ह्युमिडिफायरच्या बाटलीच्या झाकणात असते. झाकण तिरकं बसलं, किंवा आतली रबरी चकती हरवली, की सगळा प्रवाह तिथूनच निघून जातो. फ्लोमीटरवरचा गोळा मात्र छान वर दिसत राहतो.

प्रवाह: पाच लिटरच्या यंत्रावर मिनिटाला पाचपेक्षा जास्त लिटर ओढले की शुद्धता घसरते. एकाच यंत्रावर चार-पाच मुलं जोडायची असतील तर फ्लो-स्प्लिटर (प्रत्येकाचा प्रवाह वेगळा ठरवून देणारा जोड) वापरा. साध्या ‘टी’ जोडांनी वाटणी समान होत नाही.

फिल्टर: बाहेरचा स्पंजी फिल्टर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि मगच बसवायचा. ओला बसवला तर ओलावा आत जातो.

शुद्धता: ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने मोजा. निरोगी यंत्र साधारण ९३ टक्के देतं. ८२ टक्क्यांच्या खाली गेलं तर ते रुग्णासाठी वापरू नये. सगळं ठीक असूनही शुद्धता कमी असेल, तर नायट्रोजन शोषून घेणारे झिओलाइटचे खडे ओलाव्याने निकामी झालेले असतात. बराच काळ बंद ठेवलेल्या यंत्रांत हे हमखास होतं, म्हणून राखीव कॉन्सन्ट्रेटरही अधूनमधून काही तास चालवायचा. झिओलाइटचे डबे बदलता येतात, पण नेमक्या मॉडेलचेच लागतात (प्रश्न ९ पाहा).

अ‍ॅनालायझर सोबत न्याच. त्याशिवाय कॉन्सन्ट्रेटरची दुरुस्ती म्हणजे अंदाजपंचे काम.

५. वीज सारखी जाते. सोलर लावलं की प्रश्न सुटेल ना?

काही भारांपुरता सुटेल. आधी हिशेब करा. शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष आणि नवजात कक्ष यांसाठी १० वॉटचे १२ दिवे १० तास म्हणजे १,२०० वॉट-तास. सक्शन मशीन १५० वॉट, दोन तास: ३००. मॉनिटर आणि ऑक्सिमीटर मिळून ६० वॉट, दहा तास: ६००. एलईडी फोटोथेरपी (काविळीच्या बाळांसाठीचा प्रकाशोपचार) ५० वॉट, १४ तास: ७००. एकूण २,८००. इन्व्हर्टरची घट धरून दिवसाला ३ युनिट.

दोन ढगाळ दिवस निभवायचे तर ६ युनिट साठवण हवी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नसते, म्हणून प्रत्यक्षात १२ युनिट क्षमता. २४ व्होल्टवर हे ५०० अँपिअर-तास होतात, म्हणजे १२ व्होल्ट २०० अँपिअर-तासाच्या सहा बॅटऱ्या, दोन-दोनच्या तीन रांगांत. पॅनेल: दिवसाला साडेचार तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा आणि ३५ टक्के घट धरली तर सुमारे १ किलोवॉट पुरतं. उतरलेल्या बॅटऱ्या लवकर भरून निघाव्यात म्हणून दीड किलोवॉट बसवा.

आता यात एकच ३५० वॉटचा कॉन्सन्ट्रेटर चोवीस तास जोडून पाहा. ८,४०० वॉट-तास, वरच्या सगळ्या यादीच्या जवळजवळ तिप्पट. सौरऊर्जेवर ऑक्सिजन अशक्य नाही. जिंजा आणि काम्बुगा इथल्या रुग्णालयांत मुलांच्या वॉर्डसाठी अशा यंत्रणा चालवून दाखवल्या गेल्या आहेत. पण तिथे पॅनेल आणि बॅटऱ्या ऑक्सिजनसाठीच मोजून बसवल्या होत्या. दिव्यांच्या यंत्रणेवर मागाहून कॉन्सन्ट्रेटर चिकटवला की दोन्ही बंद पडतात. तीन किलोवॉटचा विजेवरचा ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र) सोलरवर घेऊ नका. त्यासाठी गॅसवर चालणारा प्रेशर स्टरिलायझर बरा. लसींचा फ्रिज स्वतःच्या पॅनेलवर, वेगळाच ठेवा.

यंत्रणा मरते ती फोन चार्जिंग, इस्त्री आणि किटलीमुळे. कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. क्वार्टर्समध्ये वीज नसेल तर माणूस जिथे वीज आहे तिथेच प्लग लावणार. आवारात स्वतंत्र छोट्या पॅनेलवर चार्जिंगची जागा करून द्या. मुख्य यंत्रणेचे सॉकेट लाल रंगाचे ठेवा आणि त्या सर्किटला ६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावा. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात विजा फार पडतात, म्हणून अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांत काटकसर नको.

६. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, हे पक्कं ना?

महाराष्ट्रात पक्कं, तिथे नाही. युगांडातून विषुववृत्त जातं, त्यामुळे दिशेने फारसा फरक पडत नाही. कल १० ते १५ अंश ठेवा, म्हणजे पावसाने धूळ धुऊन जाते. सपाट ठेवलेल्या पॅनेलवर खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते. मलावी किंवा झांबियात मात्र तोंड उत्तरेला हवं. भारतात सवय झालेला हात तिथेही दक्षिणेकडे वळतो, तेव्हा लक्ष ठेवा.

७. रुग्णालयाजवळ ओढा आहे. छोटं जलविद्युत करता येईल?

कधी कधी उत्तम करता येतं. नैर्ऋत्य युगांडातलं किसिझी रुग्णालय स्वतःच्या धबधब्यावर वीज तयार करतं. हिशेब सोपा आहे: प्रवाह (सेकंदाला घनमीटर) गुणिले उंची (मीटर) गुणिले ९.८१ म्हणजे किलोवॉट. लहान यंत्रणेत त्यातले निम्मे हाती लागतात. सेकंदाला २० लिटर आणि १५ मीटर उंची असेल तर सुमारे दीड किलोवॉट. प्रवाह कोरड्या महिन्यांच्या शेवटी मोजा. भर पावसात मोजलेल्या आकड्यावर टर्बाइन घेतलं तर ते वर्षाचे काही महिने नुसतं उभं राहील. आणि गाळ काढायला रोज माणूस जाणार का, हे आधी विचारा.

८. आमच्या शहरातलं रुग्णालय जुनी यंत्रं द्यायला तयार आहे. कंटेनर भरून पाठवू का?

आधी यादी पाठवा आणि ‘नको’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. भारतातून जाणाऱ्या यंत्राला एक फायदा आहे: आपल्याकडे २३० व्होल्ट, तिथे २४०, आणि वारंवारता दोन्हीकडे ५० हर्ट्झ. अमेरिकेतून आलेली ११० व्होल्टची यंत्रं थेट सॉकेटला लावल्यामुळे क्षणात जळतात. ट्रान्सफॉर्मर दिला तरी ६० हर्ट्झवर आखलेल्या मोटारी ५० हर्ट्झवर हळू फिरतात आणि तापतात. प्लग मात्र आपल्यापेक्षा वेगळा आहे: तीन चपट्या पिना आणि आत फ्यूज. प्रवासी अ‍ॅडॉप्टरने काम भागवू नका, यंत्राचा प्लगच बदला आणि फ्यूज यंत्राच्या भारानुसार घाला. बाजारात मिळणाऱ्या प्लगमध्ये बहुतेक १३ अँपिअरचा असतो, आणि छोट्या मॉनिटरला तो काहीच संरक्षण देत नाही.

प्रत्येक यंत्राबरोबर मॅन्युअल (सर्व्हिस मॅन्युअलसुद्धा), दोन वर्षांचं खर्चाचं सामान आणि नेहमी झिजणारे भाग जायला हवेत. रिएजंट (तपासणीला लागणारं रसायन) किंवा सेन्सर एकाच कंपनीचा लागतो असं यंत्र पाठवू नये. तो संपला की यंत्र संपलं. जुना व्हेंटिलेटर अजिबात नको. तो चालवायला लागणारा दाबाखालचा ऑक्सिजन आणि चोवीस तास प्रशिक्षित नर्स या दोन्ही गोष्टी बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत नसतात. त्याऐवजी ऑक्सिमीटरचे प्रोब, बीपीचे कफ, सक्शनच्या नळ्या आणि फिल्टर भरा. खोकं दिसायला गरीब दिसेल, पण ते रिकामं होईल.

९. सुटे भाग तिथे मिळतात का?

पीव्हीसी पाइप, नळ, एमसीबी, वायर, एलईडी आणि सिमेंट जिल्ह्याच्या गावी मिळतं. बॅटऱ्या, इन्व्हर्टर, पंप कंपालात. तिथल्या हार्डवेअरच्या बाजारात भारतीय वंशाचे व्यापारी बरेच आहेत आणि भारतीय बनावटीचा मालही पुष्कळ येतो. वैद्यकीय यंत्रांचे खास भाग बाहेरून मागवावे लागतात आणि सीमाशुल्कात अडकू शकतात. आमचा नियम कडक आहे: कंपालात न मिळणारा भाग ज्यात आहे, ते बसवायचं असेल तर त्या भागाचे दोन नग जादा द्यायचे आणि त्यांचा नंबर यंत्रावरच रंगाने लिहायचा.

१०. पावसाच्या पाण्यावर रुग्णालय चालेल का?

पूर्ण नाही, पण महत्त्वाचे कक्ष चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे दाखल रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर, बाह्यरुग्णामागे ५ लिटर आणि एका प्रसूतीला किंवा शस्त्रक्रियेला १०० लिटर पाणी धरतात. साठ खाटांना ५० लिटरप्रमाणे रोज ३,००० लिटर.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ६०० चौरस मीटर पत्रा, वर्षाला १,२०० मिलिमीटर पाऊस आणि ०.८ गुणांक (पडलेल्या पावसापैकी टाकीत पोहोचणारा भाग) धरला, तर ५ लाख ७६ हजार लिटर, म्हणजे रोज सरासरी १,५७८. गरजेच्या निम्मं. म्हणून या पाण्याची जोडणी आधी प्रसूतिकक्ष आणि शस्त्रक्रियागृहाला द्या. धुणं आणि संडास विहिरीवर किंवा बोअरवर. युगांडाच्या बऱ्याच भागांत पावसाचे दोन हंगाम असतात, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्यामुळे आपल्याकडच्या आठ कोरड्या महिन्यांइतकी प्रचंड टाकी लागत नाही. उत्तरेकडे मात्र कोरडा काळ लांबतो.

पहिला पाऊस छपरावरची घाण घेऊन येतो. चौरस मीटरमागे अर्धा लिटर पाणी सोडून द्यायचं. १०० चौरस मीटरच्या भागाला ५० लिटर, म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाचा साधारण सहा मीटर उभा-आडवा पाइप किंवा एक छोटं पिंप. त्याच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक ठेवा, म्हणजे ते आपोआप रिकामं होईल. हे भोक पानांनी बुजतं, आणि बुजलं की पुढच्या पावसाची सगळी घाण थेट टाकीत. म्हणून तळाला हाताने उघडता येईल असं आट्याचं झाकणच लावा. पन्हाळीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, ओव्हरफ्लोला डासांची जाळी. पाण्यात क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासाने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. तपासायच्या पट्ट्या स्वस्त असतात.

११. आर्किटेक्टने नवी इमारत न बांधता काय करावं?

हवा खेळती करावी. क्षयाच्या देशात खिडकी हे उपचाराचं साधन आहे. रवांडाच्या बुरेरा जिल्ह्यात २०११ साली सुरू झालेलं बुतारो रुग्णालय याचा चांगला नमुना आहे. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या तरुणांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या मास डिझाइन ग्रुपने ते आखलं. तिथे रुग्णांची गर्दी होणाऱ्या बंदिस्त मार्गिका टाळून ये-जा बाहेरच्या व्हरांड्यांतून ठेवली. खाटा वॉर्डच्या मधल्या अर्ध्या उंचीच्या भिंतीला पाठ लावून मांडल्या, त्यामुळे प्रत्येक रुग्णाची नजर खिडकीबाहेर जाते. भिंती जवळपासच्या ज्वालामुखी दगडाच्या.

जुन्या वॉर्डसाठी मोजमाप असं. साध्या वॉर्डमध्ये रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा बदलायला हवी, हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या वॉर्डमध्ये १६०. समोरासमोरच्या खिडक्यांतून येणारी हवा म्हणजे ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग (सेकंदाला मीटर) गुणिले लहान बाजूच्या उघड्या जागेचं क्षेत्रफळ (चौरस मीटर) गुणिले १,०००. बारा रुग्ण आणि अर्धा मीटर वारा असेल तर साध्या वॉर्डला सव्वादोन, क्षयाच्या वॉर्डला सहा चौरस मीटर उघडी जागा लागते. डासांच्या जाळीमुळे प्रवाह बराच कमी होतो, म्हणून दुप्पट धरा.

बिघडतं ते रात्री. नैर्ऋत्येच्या डोंगरांत थंडी असते, रुग्ण खिडक्या लावून घेतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. त्यासाठी छताजवळ कायमची उघडी, न मिटणारी जाळीदार पट्टी ठेवा.

आणि नातेवाइकांसाठी काहीतरी बांधा. तिथे रुग्णाचं जेवण, धुणं, अंघोळ सगळं घरची माणसं करतात. ओटा, धूर बाहेर नेणाऱ्या चुली, कपडे वाळत घालायला छपराखाली दोऱ्या आणि निजायला कोरडी जागा दिली, की वॉर्डमधली गर्दी आणि धूर दोन्ही कमी होतात. पाण्याचा एक नळ तिथे न्यायला विसरू नका (प्रश्न १० च्या हिशेबात हे पाणी वेगळं धरा).

१२. कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं नवं उपकरण तिथे वापरून पाहता येईल?

रुग्णावर थेट नाही. युगांडात त्यासाठी रुग्णालयाची आणि नीतिसमितीची परवानगी लागते, संशोधन असेल तर राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेकडे नोंदणीही. विद्यार्थ्यांच्या कामातून मोठं काही घडू शकतं, हे मलावीत दिसलं आहे. राइस विद्यापीठातल्या विद्यार्थी-प्रकल्पातून मत्स्यालयाच्या पंपांवर चालणारं, अर्भकांना श्वासाला मदत करणारं बबल-सीपॅप यंत्र तयार झालं. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयातल्या चाचणीत श्वसनाच्या त्रासाची ७१ टक्के बाळं वाचली. नुसता ऑक्सिजन मिळालेल्यांत हे प्रमाण ४४ टक्के होतं. पण मधे वर्षानुवर्षं चाचण्या आणि तिथल्या डॉक्टर-नर्सांचा हात होता. एका सेमिस्टरमध्ये सलाईनचे स्टँड, खाटांची चाकं, ट्रॉली, औषधांच्या कपाटाची मांडणी करा. तीही खरी गरज आहे.

१३. किती दिवसांसाठी जावं? लस, व्हिसा?

ठरलेलं एकच काम असेल तर तीन आठवडे, नाहीतर किमान दोन महिने. युगांडात जायला पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं. भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांवरच घ्या आणि तारीख आधीच मिळवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. व्हिसा काढताना तुम्ही काम करणार आहात हे रुग्णालयाला पत्रात लिहायला सांगा.

१४. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि मी तिथेच असेन, तर दुरुस्ती करू का?

आत जाऊन नाही. त्या क्षणी चालू सर्किट उघडणं रुग्णालाही धोक्याचं आणि तुम्हालाही. बाहेर जनरेटर किंवा इन्व्हर्टरकडे जा. एमसीबी पडला असेल तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर तो भार तोडून टाका आणि दिव्यांचं सर्किट आधी जिवंत करा. आतल्या माणसांकडे डोक्याला लावायचे दोन चार्ज केलेले टॉर्च, पायाने चालणारा सक्शन पंप आणि हाताने श्वास द्यायची अँबू बॅग हवी. ही तीन साधनं शस्त्रक्रियागृहातल्या एका ठरलेल्या फळीवर ठेवा, फळीवर त्यांची चित्रं रंगवा, आणि ती जागेवर आहेत हे दर सोमवारी कोण पाहणार ते इन-चार्जकडून वहीत लिहून घ्या. सोलरचा पहिला स्क्रू पिळण्याआधी हे काम व्हायला हवं.